चेंडू आणि दप्तर

(मदतनीसांच्या मेळाव्यात वसई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





पाड्यांवरच्या कामाविषयी बोलायला मी उभी राहिले की आपण कुपोषण, पाण्याची टंचाई, वीटभट्टीवरचे स्थलांतर असे काहीतरी ऐकायच्या तयारीने बसता. आज मी फुटबॉलविषयी बोलणार आहे. मागे बसलेल्या तरुणांच्या चेहऱ्यावर हसू दिसतेय. पण विषय हसण्याइतका हलका नाही. आमच्या पाड्यांवरच्या खेळाडू मुलांना आता कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली आहेत. बोलावणे आले की घरात एकच प्रश्न उभा राहतो : पोराला कुठे पाठवायचे? त्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलाची पुढची चाळीस वर्षे अवलंबून असतात. आणि ते उत्तर बहुतेक वेळा एका संध्याकाळी, ओसरीवर बसून, कोणी तरी आणलेल्या बुटांच्या जोडीकडे बघत दिले जाते.

आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात रविवारी फुटबॉल खेळणे नवीन नाही. पूर्वेकडे, महामार्गाच्या पलीकडे, शिरसाड, भाताणे, मेढे, पारोळ या बाजूच्या पाड्यांवर मुले पूर्वी कबड्डी आणि क्रिकेट जास्त खेळत. आता तिथेही चेंडू पोचला आहे. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या मुलांचे जुने बूट आमच्याकडे दिले, त्यांतले बरेच आज त्या मैदानांवर धावतात. भात कापलेल्या खाचरात सराव केलेली ही मुले जेव्हा सपाट मैदानावर उतरतात, तेव्हा बघणारे थांबून बघतात. बघणाऱ्यांत कॉलेजचे प्रशिक्षकही असतात.

अशा वेळी दूरच्या देशात काय होते ते थोडे सांगते. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून धावायचा वेगळाच खेळ. पण तिथे कॉलेजच्या संघासाठी शाळकरी मुले शोधण्याचा केवढा तरी व्यवहार चालतो. प्रशिक्षक घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. मात्र तिथे एक दार आहे, त्यातून गेल्याशिवाय कोणालाही मैदानावर जाता येत नाही. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजातून खेळायचे तर हायस्कुलात ठरलेले 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण केलेले हवेत आणि त्यांतल्या गुणांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी. कॉलेजात गेल्यावरही संघाच्या अभ्यासाचा हिशेब दरवर्षी होतो. 1000 पैकी 930 च्या खाली आलेल्या संघाला मोसमाअखेरच्या स्पर्धांतून बाहेर ठेवता येते. कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ 2011 मध्ये देशाचा विजेता होता. 2013 मध्ये त्याला अभ्यासाच्या कारणावरून मोसमाअखेरची स्पर्धा खेळता आली नाही. तिथेही पळवाटा आहेत, सोपे विषय देऊन मुले पुढे ढकलल्याचे प्रकार झाले आहेत. तरी शहाणे पालक कॉलेज निवडताना विचारतात : माझा मुलगा इथून पदवी घेऊन बाहेर पडेल का? कारण कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले दोनही पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. उरलेल्यांना दुसरे काही करूनच पोट भरावे लागते.

मायरन रोल नावाचा एक खेळाडू तिथे होऊन गेला. 2006 साली शाळेतून निघताना देशातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूंत त्याची गणना होत होती. त्याला डॉक्टर व्हायचे होते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात त्याने अडीच वर्षांत पदवी संपवली. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाल्यावर व्यावसायिक संघात जाणे एक वर्ष पुढे ढकलून तो शिकायला गेला. परत आल्यावर एका संघाने त्याला घेतले, पण मोसमातला एकही मुख्य सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मग तो वैद्यकीय कॉलेजात गेला आणि आज तो मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. खेळाने दार बंद केले तेव्हा त्याच्यासाठी दुसरे दार उघडे होते, कारण ते त्याने आधीच उघडून ठेवले होते.

तुम्ही म्हणाल, ताई, ती अमेरिका. मग आपल्याच देशातल्या एका आदिवासी मुलाचे उदाहरण घ्या. जयपाल सिंह मुंडा. आजच्या झारखंडमधल्या खुंटी भागातल्या एका गावचा मुंडा जमातीचा मुलगा, जन्म 1903 चा. रांचीच्या सेंट पॉल मिशन शाळेत शिकला. तिथल्या मुख्याध्यापक धर्मगुरूंनी त्याची बुद्धी पाहिली आणि त्याला इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात तो शिकला आणि विद्यापीठाच्या हॉकी संघातून खेळला. 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी निघालेल्या भारतीय हॉकी संघाचा तो कर्णधार होता, आणि त्या संघाने भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा तो आयसीएसच्या प्रशिक्षणात होता. खेळायला रजा मिळेना, तरी तो गेला, आणि पुढे ती नोकरीच त्याने सोडली.

तरुण मंडळी, इथे टाळ्या वाजवू नका, पुढचे ऐका. नोकरी सोडून खेळायला गेला एवढेच आपण सांगितले तर अर्धीच गोष्ट सांगितली. नोकरी सोडणे त्याला परवडले, कारण शिक्षण त्याच्याजवळ होते. हॉकी संपल्यावर तो शिक्षक झाला, आदिवासी महासभेचा नेता झाला आणि 1946 मध्ये संविधान सभेत जाऊन आदिवासींच्या वतीने बोलला. त्या सभेत स्टिक कितीही चांगली चालत असती तरी उपयोगाची नव्हती. तिथे भाषा, कायदा आणि इतिहास लागत होता. मिशन शाळेने त्याला दोन्ही दिले होते, खेळही आणि पुस्तकही.

आता आपल्या राज्यात या. खेळाच्या जोरावर पुढे जायचे म्हटले तर आपल्याकडे कोणत्या वाटा आहेत?

लहान वयात क्रीडा प्रबोधिनी आहे. शासनाची निवासी व्यवस्था. 8 ते 14 वयाच्या मुलांची उंची, उडी, मेडिसीन बॉलची फेक, शटल रन, 800 मीटर धावणे अशा चाचण्या घेऊन निवड होते. सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. तिथेही लहानपणीच घेतात, शाळा शिकवतात, आणि दहावी उत्तीर्ण होऊन भरतीच्या वयात आल्यावर पुढचा विचार होतो. शाळांसाठी सुब्रतो मुखर्जी चषक आहे, 1960 पासून चाललेली फुटबॉलची स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ दिल्लीपर्यंत जातो. पण तिथे खेळायला मुलाचे नाव शाळेच्या पटावर लागते. विद्यापीठाच्या संघातून खेळायचे तर बारावी पास होऊन कॉलेजात प्रवेश घेतलेला लागतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त 25. पण ते परीक्षेला बसलेल्यालाच. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाला जी शैक्षणिक पात्रता आहे ती खेळाडूलाही लागते. रेल्वेच्या खेळाडू भरतीत सर्वांत खालच्या जागेलाही दहावी किंवा आयटीआय मागतात.

या सगळ्या वाटा पुन्हा एकदा मनात मोजा. एकही वाट शाळेबाहेरून जात नाही. आपण समजतो की अभ्यास एकीकडे आणि खेळ दुसरीकडे. प्रत्यक्षात खेळाची शिडी शाळेच्या भिंतीला टेकलेली आहे. भिंत पडली की शिडीही पडते.

आमच्या पाड्यांवर ही भिंत केव्हा पडते तेही सांगते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या मागेपुढे रंगात येतात. नेमके तेव्हाच भातकापणी संपते आणि कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नववीतला चांगला पुढचा फळीचा खेळाडू विभागीय फेरीच्या आठवड्यात भिवंडीच्या भट्टीवर चिखल तुडवत असतो. संघातून त्याचे नाव जाते, मग पटावरून जाते. त्याच्या खेळाला कोणी नावे ठेवत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

जी मुले इथवर टिकतात आणि दहावी होतात, त्यांच्याकडे मग बोलावणे येते. आपल्या घरात कॉलेज निवडायचे असले की आपण काय बघतो? निकाल, शाखा, शिक्षक, प्रवास, फी. पाड्यावरचा बाप काय विचारतो? "ताई, तिथं दोन वेळचं जेवण देतात का?" याला मी कधीच चुकीचा प्रश्न म्हणत नाही. ज्याने भूक पाहिली त्याचा पहिला प्रश्न तोच असणार. दुसरा प्रश्न बुटांचा, तिसरा एसटीच्या किंवा लोकलच्या भाड्याचा. अभ्यासाचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. घरात कोणी कॉलेजचा उंबरठा ओलांडलेला नाही, मग कॉलेजला काय विचारायचे ते कोणाला कसे ठाऊक असणार? समोरच्या माणसालाही हे ठाऊक असते. म्हणून तोही जेवण, बूट आणि हॉस्टेल एवढेच सांगून थांबतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका पाड्यावरचा मुलगा असाच गेला. कॉलेजचे नाव मी घेणार नाही. खेळात तो उत्तम होता. सकाळी सराव, दुपारी सराव, शनिवार-रविवार सामने. वर्गात तो क्वचितच बसला, पण हजेरी मात्र कागदावर पूर्ण होती. त्याला कला शाखा दिली ती त्याने निवडली म्हणून नव्हे, तिचे तास सरावाच्या आड येत नव्हते म्हणून. बारावीच्या वर्षी सामन्यात गुडघा गेला. लिगामेंट तुटले. शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करायचा यावर बोलणी चालली तोपर्यंत हॉस्टेलची खोली दुसऱ्या मुलाला दिली गेली. परीक्षेत तो चार विषयांत नापास झाला. आज तो रेतीच्या गाडीवर जातो. पाय दुखतो म्हणून पूर्ण रोज मिळत नाही. त्याच्या घरी भिंतीवर अजून त्या संघाचा फोटो आहे.

गेल्या जूनमध्ये दुसऱ्या एका मुलाला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक मुंबईचे कॉलेज, संघ नावाजलेला, फी माफ, राहणे-जेवण, दोन जोड्या बूट. दुसरे घरापासून जवळचे कनिष्ठ महाविद्यालय, संघ अगदी साधा. मुलाचे मन कुठे होते ते सांगायला नको. आम्ही त्याच्या आईवडिलांबरोबर दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी अभ्यासाचे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "त्याची काळजी करू नका, हजेरीचं आम्ही बघतो." दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी आधी दहावीची गुणपत्रिका मागितली. म्हणाले, "याचं इंग्रजी कच्चं आहे. आठवड्यातून तीन दिवस सरावाआधी तासाला बसायचं, तरच संघात घेईन."

मुलगा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. मला वाटले, आता मलाच खूप समजावावे लागणार. पण निर्णय झाला तो त्याच्या आईच्या एका प्रश्नाने. ती कधी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "पोरगा तिथं पडला, पाय मोडला, तर त्याला घरी कोण आणून घालील?" पहिल्या ठिकाणी फोन करून आम्ही हेच विचारले. उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या ठिकाणचे सर म्हणाले, "पाय मोडला तरी वर्ग चालूच राहील."

तो जवळच्या कॉलेजात गेला. मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही. त्याचा संघ पहिल्याच फेरीत हरला. सहामाहीत तो इंग्रजीत काठावर पास झाला. त्या मोठ्या संघाचे सामने तो अजून मोबाईलवर बघतो आणि गप्प होतो. पण तो वर्गात आहे, आणि मैदानावरही आहे.

या अनुभवांतून आम्ही काही प्रश्न तयार केले आहेत. बोलावणे आले की आमचा कार्यकर्ता कुटुंबाबरोबर जातो आणि हे प्रश्न विचारतो. आपण आपल्या धर्मग्रामातल्या खेळाडू मुलांसाठीही ते वापरू शकता, म्हणून सांगते.

पहिला प्रश्न : गेल्या तीन वर्षांत खेळासाठी घेतलेल्या मुलांपैकी किती जण बारावी किंवा पदवी पास झाले? त्यांतल्या दोघांशी आम्हाला बोलता येईल का? चांगल्या ठिकाणी लगेच फोन लावून देतात.

दुसरा : सराव किती वाजता आणि वर्ग किती वाजता? विरारहून लोकलने जाणारा मुलगा पहाटेचा सराव करून वर्गात झोपणार नाही, अशी सोय आहे का?

तिसरा : शाखा कोण निवडणार, मुलगा की सरावाचे वेळापत्रक?

चौथा : सामना आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर काय? हे उत्तर लेखी मागावे.

पाचवा : दुखापत झाली तर उपचार कोणाचा, आणि खेळता आले नाही तरी हॉस्टेल व फीमाफी वर्ष संपेपर्यंत राहील का?

सहावा : मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आधार कोण देणार? आमच्या मुलाच्या घरी वारली बोलतात. शाळेची मराठीच त्याला अर्धी परकी असते. कॉलेजात एकदम इंग्रजी पुस्तक हाती येते. तो मठ्ठ नसतो, तो एकाच वेळी दोन भाषा ओलांडत असतो.

सातवा प्रश्न कागदांचा. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, स्पर्धांची प्रमाणपत्रे, यांच्या प्रती घरी हव्यात आणि मूळ कागद कुठे आहेत ते ठाऊक हवे. शिष्यवृत्ती, आदिवासी वसतिगृह, वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वयम् योजनेची मदत, हे सगळे त्या कागदांवर चालते. कॉलेज बदलायची वेळ आली आणि कागद अडकले की मुलगा अडकला. खेळाचे प्रमाणपत्रही नोकरीसाठी वापरण्याआधी क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते, म्हणून ते फ्रेम करून भिंतीवर लावण्याआधी त्याची प्रत काढा.

आता दुसरी बाजूही बोलते, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. काही पालक आणि काही शिक्षकसुद्धा म्हणतात, मग खेळ बंदच करा, अभ्यासच बरा. आमचा अनुभव तसा नाही. पाड्यावरची कितीतरी मुले शाळेत टिकली आहेत ती चेंडूमुळे. गणिताच्या तासाला येणार नाही तो मुलगा संध्याकाळच्या सरावाला येतो, आणि सरावाला यायचे तर शाळेत आलेच पाहिजे हा नियम केला की तो गणितालाही बसतो. मुलींच्या बाबतीत तर मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. संघात खेळणाऱ्या मुलीच्या लग्नाची घाई घरचे थोडी कमी करतात, कारण तिचे नाव आता गावात झालेले असते. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या मुलीही रस्त्याच्या कडेने धावताना दिसू लागल्या. तेव्हा चेंडू काढून घेऊ नका. चेंडूबरोबर दप्तर आहे ना, एवढे बघा.

संत पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना धावपटूचा दाखला देतात, कारण त्या शहराजवळ मोठे खेळ भरत आणि वाचणाऱ्यांना शर्यत माहीत होती. खेळ ही आपल्या श्रद्धेला परकी गोष्ट कधीच नव्हती.

शेवटी आपल्याकडे मागणे. आतापर्यंत आपण बूट दिले, चेंडू दिले, जर्सी दिल्या. त्यांबद्दल आभार, आणि बूट अजूनही हवेतच. मुलांचे पाय वाढतात. पण या वर्षी मी आणखी तीन गोष्टी मागते. आपल्यात निवृत्त शिक्षक बरेच आहेत. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी इंग्रजी आणि गणित शिकवायला या; जीपची सोय आम्ही करू. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनी महिन्यातून एकदा आमच्या खेळाडूंचे गुडघे आणि घोटे तपासावेत, म्हणजे छोटी दुखापत मोठी होणार नाही. आणि ज्यांची मुले कॉलेजात शिकली आहेत त्यांनी जून महिन्यात एक दिवस द्यावा. पाड्यावरच्या एका बापाबरोबर कॉलेजच्या कार्यालयात जाऊन बसा. तुम्ही तुमच्या मुलासाठी जे प्रश्न न घाबरता विचारलेत, तेच त्याच्या मुलासाठी विचारा. तो बाप खुर्चीच्या कडेवर बसलेला असतो. शेजारी तुम्ही असलात तर तो थोडा मागे टेकून बसेल.

दहावीचा निकाल साधारण मे-जूनमध्ये लागतो. त्याआधी आमच्याकडे नाव नोंदवा. नोंदवही बाहेर टेबलावर ठेवली आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.